सीझर झालं म्हणून दूध आटत नाही. पहिल्या पाच दिवसांत घरच्यांनी काय करावं?

"सीझर झालंय, आता अंगावर दूध कुठून येणार?" तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात बाळंतिणीच्या खाटेजवळ थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारं माणूस घरचंच असतं आणि काळजीपोटीच बोलत असतं. पुढं काय होतं तेही ठरलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ सारखं रडायला लागतं. कुणीतरी खालच्या मेडिकलमधून दुधाचा डबा आणि बाटली आणतं. बाळ बाटली पिऊन गप झोपतं आणि सगळ्यांना वाटतं, सुटला प्रश्न.

पण बऱ्याच घरांत प्रश्न तिथूनच सुरू होतो. आठ दिवसांनी खरंच दूध कमी पडायला लागतं आणि मग सगळे म्हणतात, "बघा, आम्ही म्हटलं नव्हतं का?" दोष येतो तो पोरीवर, नाहीतर सीझरवर.

सीझर आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर १०० बाळंतपणांमागे २१.५ सीझर होतात, आपल्या महाराष्ट्रात २५.४. खासगी दवाखान्यांत तर देशभराचा आकडा ४७.४ आहे. म्हणजे आपल्या वाडीवस्तीवरच्या प्रत्येक चौथ्या बाळंतिणीला हा विषय लागू पडतो. त्यातही ज्यांचं सीझर आधीच तारीख ठरवून होतं, त्यांच्यासाठी ही माहिती जास्त कामाची, कारण त्यांच्या हातात तयारीला वेळ असतो.

दूध नेमकं कशामुळं येतं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. दूध येणं न येणं हे बाळ कुठल्या वाटेनं बाहेर आलं यावर ठरत नाही. गरोदरपणातच स्तनांत दूध तयार व्हायची सोय झालेली असते, पण वार पोटात असेपर्यंत शरीर ते दूध रोखून धरतं. वार बाहेर पडली की तो रोध निघतो आणि दूध वाढवणारं हार्मोन कामाला लागतं. वार नॉर्मलमध्येही पडते आणि सीझरमध्येही डॉक्टर काढतातच. म्हणजे दुधाचं कुलूप दोन्हीकडं उघडतं.

मग फरक कुठं पडतो? फरक पडतो वेळेत. भरपूर दूध उतरायला नॉर्मल बाळंतपणात साधारण दोन ते तीन दिवस लागतात. सीझरनंतर, त्यातही ठरवून केलेल्या सीझरनंतर, आणखी एखादा दिवस जास्त लागू शकतो. याची कारणं साधी आहेत. ठरवून केलेल्या सीझरमध्ये बहुतेक वेळा कळाच आलेल्या नसतात, त्यामुळं कळांबरोबर शरीरात जी तयारी होते ती झालेली नसते. ऑपरेशन झालेलं असतं, टाक्यांचं दुखणं असतं, हाताला सलाईन असतं. बाळ बऱ्याचदा दुसऱ्या खोलीत असतं. तारीख थोडी आधीची असेल तर बाळही झोपाळू असतं, जोर लावून ओढत नाही. या सगळ्यामुळं अंगावर पाजायला उशीर होतो आणि जेवढा उशीर पाजायला, तेवढा उशीर दूध उतरायला.

थोडक्यात, सीझरनंतर दूध उशिरा येतं, पण येतं. आपण "दूध नाही" असा निकाल देतो तो दुसऱ्या दिवशी, आणि दूध उतरतं तिसऱ्या, चौथ्या, कधी पाचव्या दिवशी. सगळा घोळ या मधल्या दोन-तीन दिवसांचा आहे.

पहिले दोन दिवस काहीच नसतं का?

असतं. चीक असतो. पिवळसर, घट्ट, थेंब थेंब येणारा. चिकाचं महत्त्व शेतकऱ्याला सांगायला नको. गाय-म्हैस व्यायली की वासराला पहिला चीक पाजलाच पाहिजे, नाहीतर ते तग धरत नाही, हे आपण लहानपणापासून बघतो. माणसाच्या बाळाचंही तसंच. या चिकात रोगाशी लढायची ताकद असते. ते बाळाचं पहिलं लसीकरण आहे असं डॉक्टर म्हणतात ते यामुळंच.

तो दिसायला थोडा असतो म्हणून घरचे घाबरतात. पण बाळाची गरजही तेवढीच असते. पहिल्या दिवशी एका वेळेला २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० आणि चौथ्या दिवशी ३० ते ६० मिली, असा साधारण अंदाज आहे. चहाच्या एका चमच्यात ५ मिली मावतं. म्हणजे पहिल्या दिवशी एका वेळेला चमचा-दोन चमचे चीक गेला तरी बाळाचं पोट भरतं. आपण मात्र बाटलीतून एकदम अर्धा कप पाजतो. बाळ गुंगून चार-पाच तास झोपतं. तेवढा वेळ ते आईला लागत नाही आणि शरीराला निरोप जातो की दुधाची गरज नाही.

पान्ह्याचं गणित

आयाबायांनी राग मानू नये, पण गोठ्यातलं उदाहरण दिलं की आपल्या लोकांना गोष्ट लवकर पटते. आपली भाषासुद्धा दोन्हीकडं एकच शब्द वापरते, पान्हा.

म्हशीची एक धार चुकवली तर काय होतं? दोन-चार दिवस चुकवली तर? ती आटायला लागते. जेवढं काढाल तेवढं बनतं. आईचंही तसंच आहे. बाळ ओढतं तसं दूध बनवणारं हार्मोन वाढतं. स्तन रिकामा झाला की पुढचं दूध लवकर बनतं, भरून राहिला की बनणं मंदावतं. म्हणून "थांब, जरा साठू दे, मग पाज" हा सल्ला उलटा आहे. साठवून दूध वाढत नाही, काढल्यानं वाढतं.

दुसरी गोष्ट, म्हैस घाबरली, कुणी अनोळखी गोठ्यात आलं, कुत्रं अंगावर आलं की ती पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण खाली येत नाही. बाईच्या बाबतीतही दुखणं, भीती, अपमान आणि खाटेभोवतीची गर्दी यांनी दूध उतरायला अडथळा येतो. दूध बनवणारं हार्मोन वेगळं आणि ते खाली आणणारं वेगळं. खाली आणणारं हार्मोन मन शांत असलं, बाळ छातीशी असलं की सुटतं. तेव्हा "हिला दूधच नाही" असं तिच्या तोंडावर दहा जणांनी म्हणणं हे नुसतं बोलणं राहत नाही, त्यानं खरंच पान्हा अडतो.

तारीख ठरवताना

ठरवून सीझर करायचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, म्हणजे आधीचं सीझर आहे, बाळ आडवं आहे, वार खाली आहे अशी कारणं असतील, तर तारीख किती आठवड्यांची आहे हे विचारा. वैद्यकीय घाई नसेल तर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर ठरवलेलं सीझर करणं बाळासाठी बरं. ३७-३८ आठवड्यांच्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव जास्त असतो आणि ते ओढायलाही आळशी असतं.

आपल्याकडं पंचांग काढून मुहूर्त बघायची टूम निघाली आहे. नक्षत्र चांगलं म्हणून बाळ दोन आठवडे आधी काढायला लावणारी घरं आहेत. मुहूर्त बघायचाच असेल तर ३९ आठवड्यांनंतरच्या तारखांतला बघा. आणि डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, बाळाची वाढ अशा कारणानं लवकरची तारीख दिली असेल, तर तिथं मुहूर्तासाठी थांबूही नका.

तारखेच्या आधी डॉक्टरांना आणि सिस्टरला चार गोष्टी सांगून ठेवा. पहिली, बाळ बरं असेल तर लगेच आईजवळ द्या. दुसरी, आमच्याशी बोलल्याशिवाय वरचं दूध देऊ नका. तिसरी, जमलं तर सलाईन अशा ठिकाणी लावा की हात वाकवून बाळ धरता येईल. चौथी, रात्रीही बाळ आईच्याच खोलीत राहू द्या. हे सांगण्यात उद्धटपणा नाही. बहुतेक दवाखाने ऐकतात, फक्त आधी सांगावं लागतं.

पहिला तास

बाळ जन्मल्यापासून तासाभरात छातीला लावावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्र सरकारचा २०१६ पासून चालू असलेला 'माँ' कार्यक्रमही तेच सांगतो. सीझरच्या बाळालाही हे लागू आहे. तरी वर सांगितलेल्या सर्वेक्षणात देशातल्या फक्त ४१.८ टक्के बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळाल्याचं दिसलं.

ठरवलेल्या सीझरमध्ये बहुतेक वेळा मणक्यात भूल देतात. आई जागी असते, बोलत असते. भुलीचा अंश दुधात उतरेल ही भीती धरू नका, पाजायला हरकत नसते. ऑपरेशन थिएटरमध्येच किंवा बाहेर आणल्याबरोबर बाळाला उघड्या अंगानं आईच्या छातीवर ठेवावं, वरून दुपटं पांघरावं. बाळ आपोआप शोधायला लागतं. पूर्ण भूल दिली असेल तर आई नीट सावध झाली की लगेच लावावं.

पहिल्या दिवशी औषधांनी आईला गुंगी असते, पायांत जोर नसतो. म्हणून बाळ छातीवर असताना जाणत्या बाईनं शेजारी बसून राहावं. आईला झोप लागली तर बाळ उचलून शेजारी ठेवावं. बाळाचं नाक-तोंड दबत नाही ना, याकडं लक्ष असू द्यावं.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर वाट बघत बसू नका. पहिल्या काही तासांतच हातानं चीक काढायला सुरुवात करायची. हात धुवून घ्या. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, निपलभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवा. आधी छातीकडं दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडं दाबा, सोडा. बोटं कातडीवर घासू नका, निपल ओढू नका. जागा बदलत बदलत सगळीकडून काढा. चीक कमी असतो, म्हणून थेट उकळलेल्या चमच्यात धरा. दिवसरात्रीत आठ ते दहा वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री. सुरुवातीला दोन-चार थेंबच येतील. ते थेंबही सिस्टरकडं द्या, फेकू नका.

टाके दुखतात, बाळ धरायचं कसं?

सीझरनंतर मांडी घालून, बाळ पोटावर आडवं घेऊन पाजणं त्रासाचं असतं. दोन सोप्या पद्धती आहेत.

एक, कुशीवर झोपून. आईच्या पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, आणि बाळ तिच्याकडं तोंड करून कुशीवर. पोट आणि टाके यांना धक्का लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत हीच पद्धत बरी.

दोन, काखेतून. आई टेकून बसते, बाजूला उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवते आणि बाळाचं अंग काखेखालून मागं जातं. तोंड स्तनाशी, पाय पाठीकडं. बाळाचं वजन टाक्यांवर येत नाही.

पद्धत कुठलीही असो, बाळाचं तोंड मोठं उघडलं पाहिजे, नुसतं निपल नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली पाहिजे. सारखं दुखत असेल, निपलला चिरा पडत असतील तर पकड चुकलीय. बाळ सोडवून पुन्हा लावा. सलाईन जास्त गेल्यानं कधी कधी काळा भाग सुजून कडक होतो आणि बाळाला पकडता येत नाही. तेव्हा पाजण्याआधी बोटांनी हलकं दाबून तो मऊ करून घ्यावा.

दुखणं सहन करण्यात मोठेपणा नाही. पॅरासिटामॉलसारख्या डॉक्टरांनी दिलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात. "गोळी दुधात उतरेल" म्हणून गोळी टाळली की दुखतं, दुखलं की बाळ घेवत नाही, आणि दूध मागं पडतं. मात्र मनानं मेडिकलवरून कुठलीही गोळी आणू नका, कारण सगळ्याच वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत. पाजताना ओटीपोटात कळ येते तीही घाबरण्याची नाही. त्यानं पिशवी आकसते आणि रक्त जाणं कमी होतं.

पहिल्या पाच दिवसांत काय दिसेल?

पहिला दिवस: चीक थेंबाथेंबानं. बाळ बराच वेळ झोपेल. निदान एकदा लघवी, काळी चिकट शी.

दुसरा दिवस: बाळ जागं होतं, सारखं मागतं, रात्री तर जास्तच. घरच्यांचा धीर सुटतो तो याच रात्री. खरं तर बाळ ओढून ओढून आपलं दूध मागवून घेत असतं. निदान दोनदा लघवी.

तिसरा दिवस: काहींचे स्तन जड व्हायला लागतात, काहींचे नाही. निदान तीनदा लघवी. शी हिरवट व्हायला लागते.

चौथा-पाचवा दिवस: दूध उतरतं, स्तन भरतात, बाळ गिळल्याचा आवाज येतो. शी पिवळी होते. पाचव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी.

या काळात २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. बाळ तीन तास झोपलं तर उठवायचं. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा. रात्रीचं पाजणं चुकवू नका, दूध वाढवणारं हार्मोन रात्री जास्त असतं.

वजनाचंही सांगतो. जन्मानंतर पहिल्या दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. ३ किलोचं बाळ २ किलो ८०० ग्रॅमवर आलं तर घाबरायचं कारण नाही. आईला सलाईन भरपूर दिलं असेल तर बाळाच्या अंगातही जास्तीचं पाणी असतं आणि ते उतरतं. १० ते १४ दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं. १० टक्क्यांच्या आसपास उतरलं, म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ७०० वर आलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवून पाजणं तपासून घ्या.

आमच्या भावकीतल्या एका पोरीचं ठरवून सीझर झालं. तिसऱ्या रात्रीपर्यंत घरात दोन डबे आले होते. तिच्या आईनं एकच केलं. लंगोट मोजायला वहीत रेघा ओढल्या आणि म्हणाली, लघवी होतेय तोवर डबा फोडायचा नाही. चौथ्या दिवशी दुपारी दूध उतरलं. सगळीकडं असंच होईल असं नाही, पण अंदाजानं भिण्यापेक्षा रेघा मोजणं केव्हाही बरं.

वरचं दूध कधी द्यावं?

कधीच नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. बाळाची साखर उतरली, वजन फार घटलं, लघवी होत नाही, कावीळ वाढली, आईची तब्येत गंभीर आहे, अशा वेळी डॉक्टर वरचं दूध सांगतात आणि ते द्यावंच. काही आयांना खरोखर दूध कमी येतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, वारेचा तुकडा आत राहिला, थायरॉईडचा आजार आहे, स्तनाचं ऑपरेशन झालेलं आहे, अशी कारणं असू शकतात. पाच दिवस नीट पाजूनही दूध उतरलं नाही तर डॉक्टरांकडून कारण शोधा. यात त्या बाईचा काहीही दोष नसतो.

द्यायची वेळ आली तर क्रम असा. आधी आईचंच हातानं काढलेलं दूध. ते नसेल आणि दवाखान्यात मिल्क बँक असेल तर तिथलं. आशियातली पहिली अशी मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तेही नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर. गाई-म्हशीचं दूध पाणी घालून तान्ह्या बाळाला देऊ नका.

आणि द्यायचं ते बाटलीनं नाही, वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं. बाटलीतून दूध आपोआप येतं, त्याची सवय लागली की बाळ आईला ओढायला कुरकुर करतं. शिवाय बाटलीचं बूच नीट उकळलं गेलं नाही की हगवण आलीच. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानंच, उकळलेल्या पाण्यात. डबा महाग म्हणून पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं. वरचं दूध दिल्यावरही दर वेळी आधी अंगावर लावायचं आणि नंतर हातानं दूध काढायचं, म्हणजे डबा पुढं सोडता येतो.

आणखी एक माहीत असू द्या. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक केला. कुणी तुमच्या हातात फुकट डबा दिला तर तो उपकार समजू नका.

मध, साखरपाणी, गुटी, ग्राइप वॉटर, नुसतं पाणी यातलं काहीही सहा महिने देऊ नका. उन्हाळ्यातसुद्धा नाही, आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचा आहे.

बाळंतिणीच्या ताटात काय?

अळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, खसखस, लसूण हे आपलं जुनं बाळंतपणाचं खाणं ताकदीचं आहे. खाऊ घाला. पण एक लक्षात ठेवा, लाडू खाऊन बाळ अंगाला लावलं नाही तर दूध वाढत नाही. दूध वाढवतं ते बाळाचं ओढणं, लाडू आईची ताकद राखतो. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन भाकरी, वाटीभर डाळ आणि एखादा लाडू एवढं नेहमीच्या जेवणावर जादा.

"भात खाल्ला तर टाक्यांत पू होतो, पाणी प्यायलं तर पोट सुटतं" हे खरं नाही. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली की डाळ, भात, भाजी, अंडी, फळं सगळं द्या. टाके भरायलाही प्रथिनं लागतात. तहानेपुरतं पाणी द्या, पाजायला बसली की शेजारी तांब्या भरून ठेवा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या बंद करू नका. शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत करू नका, आई आणि बाळ दोघांनाही त्याचा त्रास होतो.

घरी आल्यावर

सरकारी दवाखान्यात सीझर मोफत असतं. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सीझरच्या बाईला सात दिवसांपर्यंत जेवण, औषधं आणि घरी सोडायला १०२ ची गाडीही मोफत मिळते. घरी जायची घाई करू नका. दूध उतरेपर्यंत सिस्टर हाताशी असणं फायद्याचं असतं.

आशाताईची घरभेट नॉर्मल बाळंतपणात तिसऱ्या दिवसापासून असते. सीझरमध्ये बाई उशिरा घरी येते म्हणून त्या भेटी सातव्या दिवसापासून धरतात, म्हणजे ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. खासगी दवाखान्यातून चौथ्याच दिवशी घरी आलात तर मधे तीन दिवस कुणीच बघायला नसतं, आणि नेमके तेच दिवस दूध उतरायचे. म्हणून घरी आल्याबरोबर आशाताईला फोन करून कळवा. या घरभेटींची वाट आपल्याच महाराष्ट्रानं दाखवलीय. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, बाळांचे मृत्यू कमी झाले आणि १९९९ मध्ये ते जगापुढं आलं.

दूध उतरल्यावर स्तन दगडासारखे झाले तर पाजायच्या आधी कोमट शेक, थोडं हातानं काढून मऊ करायचं, मग बाळ लावायचं, नंतर गार पट्टी. पाजणं थांबवलं तर गाठ होते. गाठ लाल होऊन ताप आला तरी पाजत राहायचं आणि डॉक्टरांकडं जायचं.

नवऱ्यांनो, अंगावर पाजणं तुमच्यानं होणार नाही, पण बाकीचं सगळं होतं. रात्री बाळ उचलून तिच्याजवळ देणं, लंगोट बदलणं, उशी लावणं, पाणी देणं, बघायला आलेल्या पाहुण्यांना अर्ध्या तासात चहा देऊन वाटेला लावणं. टाके असलेल्या बाईला रात्रीतून सहा वेळा उठायला लावलं तर तिसऱ्या दिवशी तीच म्हणते, डबा आणा.

लगेच दवाखाना गाठा

बाळ: अंगावर घेतच नाही, उठवूनही उठत नाही, आठ-दहा तास लघवी नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास जोरात, झटके, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत, किंवा पहिल्याच दिवशी पिवळं.

आई: ताप, टाक्यांतून पू किंवा पाणी, घाण वासाचं जाणं, तासाभरात पॅड भिजेल एवढं रक्त, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, जोराची डोकेदुखी, किंवा सारखं रडू येऊन बाळाकडं बघावंसंही न वाटणं. शेवटचं लक्षणही आजारच आहे, नखरा नाही.

१०८ ला फोन करा.

ज्यांच्या घरात येत्या महिन्या-दोन महिन्यांत सीझरची तारीख आहे, त्यांनी ही माहिती बाळंतिणीपेक्षा आधी खाटेजवळ बसणाऱ्या आजी, मावशी, आत्या, नणंद यांना वाचून दाखवा. बाळंतविड्यात झबली-टोपडी भरता, त्यात एक वाटी, एक चमचा आणि लंगोट मोजायला एक छोटी वही-पेन टाका. बाटली आधीच घेऊन ठेवू नका.